ताणाच्या अमलाखालील स्मृती

१८८७ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात, पुढे श्रीमद् राजचंद्र या नावाने प्रसिद्धीस आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने, शंभर निरनिराळ्या विषयांकडे एकाच बैठकीत अवधान ठेवून दाखविण्याचा जो शतावधानाचा प्रयोग केला, त्याने शहरातील विद्वान मंडळी थक्क झाली. आणि योगायोग असा की, त्याच वर्षी लंडनमध्ये जोझेफ जेकब्ज या गृहस्थाने शाळकरी मुलींना आकड्यांच्या लहानमोठ्या मालिका ऐकवून, एकदा ऐकलेले किती आकडे त्यांना क्रमवार व बिनचूक परत म्हणता येतात, याची मोजदाद प्रसिद्ध केली. वय वाढेल तशी आणि वर्गातील क्रमांक वर असेल तशी ही संख्या वाढत जाते, असे जेकब्ज यांना आढळले. पण ती वाढून वाढून वाढते किती, तर दोन-चार आकड्यांनी. मुंबईतील प्रयोगाने असामान्य पुरुषाच्या सामर्थ्याची झेप दाखविली, लंडनमधील मोजणीने सामान्य माणसाच्या सामर्थ्याची वेस दाखविली. प्रस्तुत प्रकरणाचा संबंध या दुसऱ्या, म्हणजे तुमच्याआमच्या स्मृतीशी, आणि त्यातही ती भय, लज्जा व काळजी यांच्या अमलाखाली आली असता तिचे काय होते, याच्याशी आहे.

परीक्षेच्या हंगामात घरोघरी परिचित असलेला एक प्रकार आहे. आदल्या रात्री विचारावे ते धडाधड सांगणारा मुलगा, प्रश्नपत्रिका हाती पडताच, हे सारे आपण कधी वाचलेच नव्हते अशा अवस्थेस पोचतो; तळहातांना घाम सुटतो, एकच ओळ चारचारदा वाचली जाते, आणि एक साधे सूत्र काही केल्या आठवत नाही; मात्र तीन तासांनी उत्तरपत्रिका पर्यवेक्षकाच्या स्वाधीन करून तो व्हरांड्यात येतो न येतो, तोच ते सूत्र, न बोलावता, अगदी शुद्ध स्वरूपात त्याच्यापुढे हजर होते. वडीलधारी मंडळी या प्रकरणाचा निकाल 'अभ्यास कच्चा' अशा दोन शब्दांत लावून मोकळी होतात. परंतु अभ्यास कच्चा असता तर ते सूत्र व्हरांड्यात तरी कोठून आले असते? या प्रश्नाचे जे उत्तर गेल्या शतकभरातील संशोधनाने हळूहळू सिद्ध केले, ते थोडक्यात असे की, ताणामुळे स्मृती पुसली जात नाही, तिची वाटणी बदलते. विचार करण्यासाठी लागणारी जागा आखडली जाते, आणि धोका, अपमान, नाचक्की यांच्याशी संबंध असलेल्या माहितीला तिच्या लायकीपेक्षा कितीतरी अधिक जागा मिळते.

मनाचा चालू कारभार

स्मरणशक्ती हा शब्द आपण एकवचनी वापरतो खरा. पण मानसशास्त्रज्ञांच्या मते ती एकच एक शक्ती नव्हे. मामलेदार कचेरीत जुनी प्रकरणे रुमालात बांधून दफ्तरखान्याच्या फडताळांत वर्षानुवर्षे पडून असतात, आणि कारकुनाच्या मेजावर मात्र त्या घटकेस निकालात काढावयाचे चार कागदच मावतात; मनाचीही व्यवस्था काहीशी अशीच आहे. दीर्घकालीन स्मृती हे दफ्तर, आणि ज्या चार गोष्टी या क्षणी समोर धरून आपण त्यांवर काम करीत असतो ती कार्यस्मृती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हिचे माप सात, फार तर दोन कमी किंवा दोन अधिक, असे सांगितले. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी, घोकणे व गट पाडणे या युक्त्या वगळल्या तर खरे माप चारच्या आसपासच भरते, असे दाखवून दिले. १९७४ साली अ‍ॅलन बॅडली व ग्रॅहम हिच या ब्रिटिश संशोधकांनी या स्मृतीची अंतर्गत रचनाही मांडली: शब्द मनातल्या मनात घोळवीत ठेवणारे एक अंग, आकृती व स्थळे डोळ्यांपुढे धरणारे दुसरे अंग, आणि लक्ष कोठे द्यावे व कोठून काढून घ्यावे हे ठरविणारी, या दोहोंवर देखरेख करणारी एक मध्यवर्ती सत्ता.

तोंडी हिशेबाचे एक साधे उदाहरण घेऊन हा कारभार जवळून पाहू. सत्तेचाळीसला सहाने गुणावयाचे आहे. चाळीस सक दोनशे चाळीस. हे दोनशे चाळीस आता बाजूला, पण हाताशी, धरून ठेवले पाहिजेत. मग सात सक बेचाळीस. मग बाजूला ठेवलेले दोनशे चाळीस अजून शाबूत आहेत याची खात्री करून त्यांत बेचाळीस मिळवावयाचे, म्हणजे दोनशे ब्याऐंशी. ज्याला साताचा पाढा पाठ आहे त्याला 'सात सक बेचाळीस' ही पायरी काहीच खर्चात पाडीत नाही; ज्याला ती मोजून काढावी लागते त्याचे दोनशे चाळीस त्या मोजणीच्या गडबडीत नाहीसे होतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचेदेखील पाढे मुलांकडून म्हणवून घेण्याची जी पद्धत आपल्या जुन्या शाळांत होती, तिला पुढे पोपटपंची म्हणून नावे ठेवण्यात आली; पण जे पाठ आहे ते कार्यस्मृतीत जागा अडवीत नाही, आणि म्हणून मोकळी राहिलेली जागा विचाराच्या कामी येते, हे तत्त्व त्या पद्धतीच्या मुळाशी होते.

गणिताचेच कशाला, कोणतेही लांबलचक वाक्य वाचताना, त्याचा कर्ता आरंभी एकदा येऊन गेल्यावर, मधली सारी विशेषणे व पोटवाक्ये ओलांडीत, शेवटच्या क्रियापदाची गाठ पडेपर्यंत तो कर्ता वाचकाला ज्या शक्तीच्या बळावर धरून ठेवावा लागतो, ती शक्ती हीच. प्रश्नपत्रिकेतील पाच ओळींचा शाब्दिक प्रश्न समजणे, निबंधातील मुद्द्यांचा क्रम राखणे, भूमितीत काय दिले आहे व काय सिद्ध करावयाचे आहे हे एकत्र डोळ्यांपुढे ठेवणे, ही सारी कामे त्याच चार-पाच जागांत चालतात. म्हणून त्यांतील एखाद-दुसरी जागा जरी परक्याने बळकावली, तरी कामाचा खोळंबा होतो.

ताण शरीरात कसा शिरतो

संकट समोर आले असता शरीर जी तयारी करते, तिचे पद्धतशीर वर्णन हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली केले. हृदयाची गती वाढते, रक्त त्वचेकडून व आतड्यांकडून काढून घेतले जाऊन स्नायूंकडे रवाना होते, यकृत आपल्या साठ्यातील साखर रक्तात सोडते; लढावयाचे असो वा पळावयाचे असो, दोन्हींचा बंदोबस्त एकाच हुकमाने होतो. पुढे १९३६ साली मॉन्ट्रिअल येथे हान्स सेल्ये यांना असे आढळले की, उंदरांवर थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्ये यांपैकी काहीही लादले, तरी त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होणे, थायमस ग्रंथी आकसणे आणि जठरात व्रण पडणे, हा परिणाम ठरलेला. कारणे अनेक, पण शरीराचा जबाब एकच, या निरीक्षणातून ताणाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घातला गेला.

आज आपल्याला ठाऊक आहे की हा जबाब दोन वाटांनी येतो. पहिली वाट मज्जातंतूंची. तिने काही सेकंदांतच अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही द्रव्ये कामास लागतात, आणि छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते. दुसरी वाट रक्ताची व संथ: मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला, आणि पिट्युटरी अधिवृक्क ग्रंथीला, अशी वर्दी देत देत शेवटी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते, आणि त्याचे प्रमाण ताणाच्या आरंभापासून सुमारे वीस ते तीस मिनिटांनी शिखरास पोचते. हे संप्रेरक मेंदूतही शिरते. आणि स्मृतीच्या साठवणुकीस अत्यावश्यक असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग त्याला विशेष आतुरतेने ग्रहण करतो, असे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्‌इवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली उंदरांत दाखवून दिले. हिशेब करून पाहिला तर, परीक्षा केंद्राच्या फाटकाशी घंटेपूर्वी पंधरा-वीस मिनिटे ज्याच्या पोटात गोळा उठला, त्याचे कॉर्टिसॉल ऐन भरात येण्याची वेळ आणि प्रश्नपत्रिका हाती पडण्याची वेळ जवळजवळ एकच असते.

माणसाला प्रयोगशाळेत असा ताण कसा द्यावा, ही अडचण जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ साली सोडविली, आणि त्यांची ती कसोटी आज जगभर वापरली जाते. उमेदवाराला नोकरीसाठी आपण कसे लायक आहोत यावर पाच मिनिटे भाषण करावयास सांगतात. समोर परीक्षकांचे मंडळ बसलेले असते, ते हसत नाही, मान डोलवीत नाही, आणि उमेदवार थांबला तर थंडपणे 'अजून वेळ शिल्लक आहे' एवढेच सांगते. भाषण संपले की आणखी पाच मिनिटे तोंडी वजाबाकी: एक हजार बावीसमधून तेरा वजा करीत जावयाचे, एक हजार नऊ, नऊशे शहाण्णव, नऊशे त्र्याऐंशी, नऊशे सत्तर, आणि जेथे चूक होईल तेथे 'चुकले, पुन्हा एक हजार बावीसपासून' असा हुकूम. यात इजा नाही, मारहाण नाही, प्रत्यक्ष नुकसानही नाही. तरी या दहा मिनिटांनी लाळेतील कॉर्टिसॉल दुपटीपासून चौपटीपर्यंत चढते. २००४ साली सॅली डिकरसन व मार्गारेट केमेनी यांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन निष्कर्ष काढला की, जेथे दुसऱ्यांकडून आपली परीक्षा होत आहे असे वाटते आणि त्याच वेळी निकाल आपल्या हाती नाही असेही वाटते, तेथे कॉर्टिसॉलची उसळी सर्वांत मोठी असते. आपल्याकडील तोंडी परीक्षेचे, फळ्यापुढे उभे करून गणित सोडवून घेण्याचे, किंवा १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि प्रत्येक चुकीस एक गुण वजा अशा 'नीट' परीक्षेचे स्वरूप ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निष्कर्षाचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

कपाळामागील सत्ता

कार्यस्मृतीचा कारभार मुख्यतः कपाळामागे असलेल्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागातून चालतो. येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, एखादी खूण पडद्यावर क्षणभर दाखवून नाहीशी केली, तरी ती कोठे होती हे लक्षात ठेवण्याच्या त्या काही सेकंदांत या भागातील ठरावीक पेशी अखंड कार्यरत राहतात असे आढळले. समोर नसलेली गोष्ट मनापुढे धरून ठेवणे म्हणजे मेंदूच्या भाषेत काय, याचा तो जणू प्रत्यक्ष पुरावाच होता. येलमधीलच एमी आर्न्स्टन यांनी पुढे दाखवून दिले की, या पेशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन व डोपमिन या द्रव्यांच्या प्रमाणाविषयी अतिशय हळव्या आहेत. ही द्रव्ये अगदी अल्प असली, म्हणजे माणूस पेंगुळलेला असला, तरी पेशींचे काम शिथिल पडते. बेताच्या प्रमाणात ती काम नेटके करवितात. आणि ताणाच्या प्रसंगी ती अतोनात वाढली की त्याच पेशी एकामागून एक गप्प होतात, व वर्तनाची सूत्रे मेंदूच्या अधिक जुन्या, अधिक जलद, पण विचारशून्य भागांच्या हाती जातात. वाघ समोर असता ही तजवीज योग्यच आहे. कारण तेथे विचार करीत बसणारा वाचत नाही. अडचण एवढीच की, बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकेलाही शरीर याच तजविजीने सामोरे जाते.

'थोडा ताण हवा, फार नको' या लोकसमजुतीला शास्त्रीय आधार म्हणून ज्या प्रयोगाचा हवाला नेहमी दिला जातो, तो रॉबर्ट यर्क्स व जॉन डॉडसन यांचा १९०८ सालचा. त्यांनी उंदरांना विजेचे कमीअधिक तीव्रतेचे झटके देऊन उजेडाची व अंधाराची पेटी ओळखावयास शिकविले. भेद सोपा होता तेथे झटका जितका तीव्र तितके शिक्षण लवकर झाले. भेद सूक्ष्म होता तेथे मात्र मध्यम झटकाच उपयोगी पडला, आणि तीव्र झटक्याने शिक्षण मागे पडले. हवाला देणारे लोक या प्रयोगाचा उत्तरार्धच सहसा विसरतात: दरारा सोप्या कामास चालतो, कठीण कामास घातक ठरतो.

माणसांवरील प्रयोग याच दिशेने बोट दाखवितात. २००९ साली नेदरलंड्समधील नायमेखन येथे शाओझेंग छिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण स्त्रियांना हिंसक चित्रपटांतील दृश्ये दाखवून, लगेच कार्यस्मृतीची कसोटी घेत त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. कसोटी अशी की, पडद्यावर एकामागून एक आकडे येत असता, आताचा आकडा दोन आकड्यांपूर्वी येऊन गेलेल्या आकड्यासारखाच आहे की काय, हे सांगत राहावयाचे. निरुपद्रवी दृश्ये पाहिलेल्यांच्या मानाने, ताणाखालील स्त्रियांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधील या कामासंबंधीची हालचाल स्पष्टपणे मंदावलेली दिसली.

याहून आश्चर्यकारक निष्कर्ष सियन बाइलॉक व टॉमस कार यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कठीण गणिते देऊन, बक्षिसाचे आमिष, सोबत्याचे नुकसान होण्याची धास्ती आणि चित्रीकरण असा तिहेरी दबाव त्यांच्यावर आणला, तेव्हा ज्यांची कार्यस्मृती मुळात तोकडी होती त्यांच्या कामगिरीत फारसा फरक पडला नाही. ज्यांची मोठी होती तेच खाली आले. कारण उघड आहे. हुशार विद्यार्थी अधिक जागा लागणारी, पण अधिक अचूक रीत वापरतो; काळजीने ती जागा व्यापली की त्याचे तेवढे भांडवलच जाते. वर्गात पहिला येणारा मुलगा मोठ्या परीक्षेत अनपेक्षितपणे मागे पडतो, तेव्हा 'त्याची हुशारी खरी नव्हतीच' असा शेरा मारण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे. 'आपण नापास झालो तर', 'बाबा काय म्हणतील', 'शेजारच्या बाकावरील मुलाने पुरवणी मागितली' ही वाक्ये मनातल्या मनात उच्चारली जातात, आणि ज्या अंगाने दोनशे चाळीस हा आकडा घोळवीत ठेवावयाचा, त्याच अंगाचा ती वापर करतात.

भावनेचा शिक्का

मेंदूत कानशिलाच्या आतल्या बाजूस बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा एक लहानसा भाग आहे. येणाऱ्या प्रत्येक वार्तेत आपल्या जिवाशी, अब्रूशी, हिताशी संबंध असलेले काही आहे काय, याची छाननी करणे आणि तसे काही आढळल्यास स्मृतीच्या साठवणुकीत त्याला ठळक शिक्का मारून देणे, हे त्याचे काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत लॅरी केहिल, जेम्स मॅगॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली ही गोष्ट एका सुबक प्रयोगाने सिद्ध केली. लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगण्यात आली: आई व मुलगा वडिलांना भेटावयास निघतात, वाटेत मुलाला भीषण अपघात होतो, पुढे त्याच्यावर उपचार होतात. आठवड्यानंतर अनपेक्षितपणे विचारले असता, अपघाताचा भाग सर्वांत चांगला लक्षात राहिलेला दिसला. पण ज्यांना गोष्टीपूर्वी प्रोप्रॅनोलॉल हे अ‍ॅड्रेनॅलिनजन्य परिणाम रोखणारे औषध दिले होते, त्यांना बाकीची गोष्ट इतरांइतकीच आठवत होती, आणि अपघाताच्या भागाला मिळणारे खास स्थान तेवढे गळून पडले होते. भावनिक आठवण ठळक होते ती शरीराच्या ताणद्रव्यांमुळे, याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

लक्षाच्या बाबतीतही भावनिक माहितीला असाच अग्रहक्क मिळतो. निरनिराळ्या रंगांच्या शाईत शब्द लिहून, त्यांचा अर्थ सोडून द्या आणि फक्त शाईचा रंग सांगा, अशी एक जुनी कसोटी आहे. ती मराठीत घ्यावयाची ठरविली, तर 'खुर्ची', 'पिशवी' या शब्दांचा रंग विद्यार्थी सहज सांगेल; आणि चिंताग्रस्त विद्यार्थी 'नापास', 'निकाल', 'बदनामी' या शब्दांपाशी क्षणभर अडखळेल, कारण न वाचण्याचे ठरवूनही त्याचे लक्ष अर्थाकडे ओढले जाईल. इतर भाषांतील अशा कसोट्यांत हा विलंब पुनःपुन्हा आढळून आला आहे. सेकंदाच्या लहानशा अंशाचा तो असतो हे खरे. पण तीन तासांच्या परीक्षेत चिंतेची अशी वाक्ये शेकडो वेळा मनात येतात.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. ताणाखाली विचाराची जागा आखडते, आणि त्याच ताणाखाली अपमानाच्या, धाकाच्या माहितीवर ठळक शिक्का बसतो. ज्या शिक्षकाने भर वर्गात 'तुझ्या डोक्यात भुसा भरला आहे' असे म्हणून मग गुणोत्तराचा नियम समजावून सांगितला, त्याच्या विद्यार्थ्याला वीस वर्षांनी ते वाक्य, तो वर्ग, ती वेळ, शिक्षकाच्या हातातील खडूदेखील आठवतो. आणि गुणोत्तराचा नियम आठवत नाही. त्या वर्गात शिकणे झालेच नाही असे नव्हे. शिकविणाऱ्याला अभिप्रेत असलेल्या गोष्टीऐवजी भलतीच गोष्ट उत्तम रीतीने शिकली गेली.

वेळेचा हिशेब

ताण स्मृतीला पोषक की मारक, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ताण कोणत्या टप्प्यावर आला यावर ते अवलंबून आहे. एखादी गोष्ट पाहिल्यानंतर लगेच ताण आला, तर भावनिक आठवणी अधिक पक्क्या होतात. केहिल व सहकाऱ्यांनी २००३ साली चित्रे दाखविल्यानंतर लोकांना बर्फाच्या पाण्यात हात धरावयास लावले, तेव्हा भावना चाळविणारी चित्रे त्यांना पुढे अधिक आठवली, साध्या चित्रांच्या बाबतीत फरक पडला नाही. पण साठविलेली गोष्ट बाहेर काढण्यापूर्वी ताण आला, तर परिणाम उलट होतो. डॉमिनिक द क्वेर्व्हेन यांच्या १९९८ सालच्या प्रयोगात, पाण्यातील लपलेला चौथरा कोठे आहे हे शिकलेल्या उंदरांना परीक्षेपूर्वी झटका दिला; तो दोन मिनिटे आधी दिला तर किंवा चार तास आधी दिला तर स्मरणात फरक पडला नाही, पण अर्धा तास आधी दिला तर शिकलेली जागा त्यांना सापडेना. कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाच्या चढउताराशी हा काळ तंतोतंत जुळतो. २००५ साली ऑलिव्हर वोल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना आदल्या दिवशी शब्द पाठ करावयास दिले आणि दुसऱ्या दिवशी वर सांगितलेल्या ट्रिअर कसोटीनंतर ते विचारले. तेव्हा स्मरण घसरले, आणि विशेष म्हणजे साध्या शब्दांचे तितकेसे नाही, तर भावनेने भारलेल्या शब्दांचे, मग ते सुखद असोत वा दुःखद. ज्यांच्यावर शिक्का ठळक, तेच कागद ऐन वेळी दफ्तरातून हाती लागेनात, असा हा विचित्र प्रकार आहे. व्हरांड्यात परत आलेल्या सूत्राचे रहस्यही यातच आहे: ते नष्ट झाले नव्हते, फक्त त्याची वाट काही काळ बंद होती.

ताण काही मिनिटांचा असला तर हे सारे तात्पुरते. तो महिनोन्‌महिने चालला तर मेंदूच्या घडणीवरही त्याच्या खुणा उमटतात, आणि या बाबतीतील एक महत्त्वाचे काम आपल्या देशातच झाले आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली, रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस उंदरांना जागच्या जागी जखडून ठेवले, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखूड झाल्या, आणि अमिग्डलामधील पेशींच्या शाखा उलट वाढल्या. पुढील संशोधनात असेही दिसले की, एकवीस दिवस विश्रांती दिल्यानंतरही अमिग्डलातील ही वाढ कायम राहते. म्हणजे दीर्घ ताणात साठवणुकीचे खाते खंगते, आणि भयाचे खाते पुष्ट होऊन तसेच राहते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र आशेला जागा आहे. २००९ साली कॉनर लिस्टन, मॅक्‌इवेन व बी. जे. केसी यांनी न्यूयॉर्कमधील वैद्यकीय विद्यार्थ्यांची, परवान्याच्या मोठ्या परीक्षेच्या महिनाभराच्या तयारीनंतर तपासणी केली. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळविण्याची त्यांची क्षमता घटली होती आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे इतर भागांशी असलेले दळणवळण बिघडले होते. परीक्षा संपून ताण ओसरल्यावर महिन्याने पाहिले, तर दोन्ही गोष्टी पूर्ववत झाल्या होत्या. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत एकामागून एक परीक्षांची तयारी करीत वर्षे काढणाऱ्या तरुणाला असा मोकळा महिना मिळतोच असे नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

उपायांचा विचार

या विषयावर झटपट उपदेश पुष्कळ मिळतो, आणि त्यातील बराचसा प्रयोगांच्या कसोटीस उतरत नाही. २०११ साली हेरार्दो रामिरेझ व बाइलॉक यांनी, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण वाढतात, असे प्रसिद्ध केले, आणि ही युक्ती फार लोकप्रिय झाली. पण २०१८ साली इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो लाभ दिसून आला नाही. लिहिण्याने अपाय नाही; पण त्यावर भिस्त ठेवू नये.

अधिक भरवशाचा मार्ग अभ्यासाच्या रीतीत आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात एमी स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली १२० विद्यार्थ्यांचे गट पाडले. काहींनी शब्दांच्या व चित्रांच्या याद्या पुनःपुन्हा वाचल्या, तर काहींनी यादी मिटवून आठवण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ताणाखाली परीक्षा घेतली असता, वाचणाऱ्यांचे स्मरण नेहमीप्रमाणे घसरले. स्वतःला विचारून विचारून पाठ करणाऱ्यांचे घसरलेच नाही. पुस्तक उघडे ठेवून ओळींखाली रेघा मारण्यात आपली मुले जो वेळ घालवितात, तो पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहून पाहण्यात घालविला, तर दफ्तरापासून मेजापर्यंतची वाट इतकी रुळते की भीतीच्या गर्दीतही ती सापडते. याच न्यायाने, मूलभूत पाढे, सूत्रे, व्याख्या या गोष्टी विचार न करता जिभेवर येतील इतक्या पक्क्या कराव्यात, म्हणजे आखडलेल्या जागेतही विचाराला थोडी जागा उरते. आणि सराव परीक्षा घड्याळ लावून, परक्या जागी, काही वेळा तरी द्यावी. अपरिचित प्रसंगाला शरीर संकट समजते, परिचिताला समजत नाही.

परंतु विद्यार्थ्याने काय करावे हा प्रश्न अर्धाच आहे. कॉर्टिसॉलची मोठी उसळी, आपण पाहिले, दोन गोष्टींच्या संयोगाने येते: लोक आपल्याला तोलत आहेत ही जाणीव, आणि निकाल आपल्या हातचा नाही ही जाणीव. यांपैकी पहिली बव्हंशी घरातील व शाळेतील मोठ्या माणसांच्या बोलण्यातून निर्माण होते. म्हणून पालकांना एवढीच विनंती की, परीक्षेच्या दिवशी सकाळी चुलत भावाचे गुण, कॉलेजच्या प्रवेशाची गेल्या वर्षीची यादी आणि स्वतःच्या कष्टांची कैफियत मुलापुढे मांडू नये. या गोष्टी त्याला ठाऊक आहेत, आणि त्या पुन्हा ऐकविल्या तर त्याच्या चार जागांपैकी एक त्या अडवून बसतात. शिक्षकांना विनंती ही की, नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याला निवांतपणे, गुणांचा प्रश्न बाजूला ठेवून, तेच प्रश्न एकदा तोंडी विचारून पाहावेत. तेथे उत्तर मिळाले, तर दोष ज्ञानात नाही हे सिद्ध झाले; आणि मग सुधारावयाची गोष्ट मुलगा नसून परीक्षेभोवती आपण सर्वांनी मिळून उभी केलेली धास्ती आहे, हे मान्य करण्याचा प्रांजळपणा मोठ्यांनी दाखवावा.